जखम खात्याची, रजा आपली

बडोद्यातला आपला समाज सयाजीरावांच्या काळापासून नोकरपेशा. घरटी एक तरी माणूस रेल्वेत, पोस्टात नाहीतर बँकेत. तरीही रजेच्या नियमांबाबत आपण किती गाफील असतो, याचा अनुभव आम्हाला नुकताच आला.

केंद्र सरकारच्या एका खात्यातले आपले एक सभासद कामाच्या वेळी, फायलींचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना पडले. मांडीचे हाड मोडले. दवाखाना, मग घरी अंथरूण, एकूण 112 दिवस. आस्थापना शाखेतून सांगण्यात आले, "भरपाईचे कागद वर गेलेत, निकाल लागेपर्यंत अर्जित रजा टाका, मागाहून बदलून घेऊ." यांनी टाकली. घरात पगार यायला हवा होता, दुसरे काय करणार?

वास्तविक केंद्रीय रजा नियमांत 2018 सालापासून कामामुळे झालेला आजार व इजा यांसाठी वेगळी रजा आहे. रुग्णालयात असेपर्यंत पूर्ण पगार, त्यानंतरही 6 महिने पूर्ण पगार आणि पुढे 12 महिने अर्धा. ही रजा आपल्या खात्यातून वजा होत नाही. भरपाईचा कायदा ज्यांना लागू आहे, त्यांच्या रजेच्या पगारातून भरपाईची रक्कम तेवढी वळती होते.

आता हिशेब पाहा. आमचा धंदाच तो. अपघाताच्या दिवशी यांची शिल्लक 286 दिवस, निवृत्तीला एक वर्ष. अर्धपगारी रजा पत्नीच्या आजारपणात आधीच संपलेली. इजेच्या रजेत नवी रजा जमा होत नाही हे धरले, तरी निवृत्तीला 300 ची कमाल मर्यादा गाठली असती. आता 286 मधून 112 गेले, 174 उरले, वर्षाचे 30 मिळवून 204. म्हणजे 96 दिवस बुडाले. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 75,000 रुपये धरले, तर दिवसाला 2,500 प्रमाणे 2,40,000 रुपये. मुलीच्या लग्नाचा निम्मा खर्च!

"मागाहून बदलून घेऊ" हे खोटे नव्हते, पण अर्धे होते. एक रजा दुसऱ्या रजेत बदलून घेता येते; मात्र अर्ज कामावर रुजू झाल्यापासून 30 दिवसांत द्यावा लागतो, आणि तो मंजूर होईलच असा हक्क नाही. हे गृहस्थ दोन महिन्यांनी गेले. अर्ज परत आला.

भरपाईच्या 1923 च्या कायद्यात महिनाभरात पैसे न दिल्यास 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंत दंड अशी तरतूद होती. नोव्हेंबर 2025 पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. उशिराचा भुर्दंड मालकाने सोसावा, हेच त्यामागचे तत्त्व. प्रत्यक्षात तो कर्मचाऱ्याच्या रजेतून फिटतो आणि युनियनची पुढारी मंडळी बदल्यांत गुंतलेली असतात. आपणही कमी नाही. चौकाला नाव कोणाचे द्यायचे यावर तीन सभा घेतो. मते मागायला आलेल्याला हा प्रश्न एकदाही विचारत नाही.

आमची मागणी एवढीच की, कामावरच्या अपघाताची नोंद होताच खात्याने स्वतःहून इजेची रजा लावावी आणि दावा नामंजूर झाला तरच अर्जित रजेला हात घालावा. तोवर ज्यांच्यावर असा प्रसंग आला असेल त्यांनी रुजू होण्याआधीच अर्ज लिहावा, पोच घ्यावी. मसुदा करून द्यायला आम्ही रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात बसतो.