नावाचे गाजर

बारामती सोडून इंदापूरच्या रस्त्याला लागले की दोन्ही बाजूंना ऊस दिसतो. नीरेच्या डाव्या कालव्याची ती कृपा. पण बांधावर आणि रिकाम्या जागेत बारीक पांढऱ्या फुलांची जी दाटी माजलेली असते, तिच्याकडे कोणी वळून पाहत नाही. तेच गाजरगवत. कोणी काँग्रेस गवतही म्हणतात.

माझे माहेर इंदापूर तालुक्यातले. 1978 च्या पावसाळ्यात आण्णा हे गवत हातांनी उपटत होते. आई ओरडली, तर म्हणाले, "गाजराच्या जातीचं हाय, त्याला काय भ्यायचं?" पाने खरोखरच गाजरासारखी, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला तरी दोष कसा द्यावा? दोन पावसाळे निभावले. तिसऱ्या वर्षी हातांना खाज सुटली. मग मान, मग पापण्या. कातडी जाड होऊन चिरू लागली. पुढे पुढे गवत फुलल्यावर नुसता वारा लागला तरी पुरे होई. विळा धरणारा माणूस देवळाच्या कट्ट्यावर बसून राहिला. खुरपणीला मजूर लावावे लागले आणि त्यापायी धाकट्या भावाचे पुण्याचे शिक्षण एक वर्ष लांबले. आण्णांनी ते मनाला फार लावून घेतले.

मग एका त्वचेच्या डॉक्टरांनी उलगडा केला. हे गवत गाजराचे कोणी लागत नाही; ते शेवंती-सूर्यफुलाच्या घराण्यातले. आले अमेरिका खंडातून, आणि आपल्या देशात प्रथम नजरेस पडले ते पुण्यात, 1955 साली. डॉक्टरांनी शेवंतीही हाताळू नका म्हणून बजावले. तेव्हापासून आमच्याकडे दिवाळीला शेवंतीच्या वेण्या येत नाहीत.

मग गाजराचे खरे गणगोत कोणते? आपला मसाल्याचा डबाच उघडा ना! जिरे, धने, ओवा, बडीशेप, हिंग, शिवाय भाजीतला शेपू, सारे एकाच चामर कुलातले. छत्रीच्या काड्यांसारखे देठ एका ठिकाणाहून फुटतात आणि टोकाला फुलांचे झुबके येतात. देवावर ढाळायच्या चवरीसारखे दिसतात, म्हणून चामर. घराणे सज्जन खरे, पण सगळेच नव्हे. सॉक्रेटिसाला पाजलेला विषाचा पेला याच कुलातल्या हेमलॉकचा होता.

2013 च्या भाद्रपदात आम्ही फलटणवरून साताऱ्याला आणि तिथून कासच्या पठारावर गेलो. सगळ्यांची नजर तेरड्याच्या गुलाबी गालिच्यावर. मला मात्र गुडघाभर उंचीची पांढऱ्या छत्र्यांची झाडे दिसली. कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या, आतल्या लहान. दुरून लेस विणल्यासारखे वाटावे. बरोबरच्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनीने नाव सांगितले, पिंडा. सह्याद्रीखेरीज ही जगात कुठेच उगवत नाही. एकोणिसाव्या शतकात डालझेल या वनाधिकाऱ्याने तिचे वर्णन केले, तेव्हा तिला दुसऱ्याच एका मोठ्या वंशात जागा मिळाली होती. 1986 साली मुखर्जी आणि कॉन्स्टन्स या दोघांनी तिचा वेगळा वंश मांडला आणि त्याला पिंडा हेच नाव दिले. तेव्हा त्या वंशात जात ही एकच होती! एकटीच पोर, पण घर स्वतःचे.

मी हौसेने आण्णांना बोलावले. "हे बघा, गाजराचं खरं रानातलं नातलग."

ते दोन पावले मागे सरले. हात धोतरामागे. "आसंल बाई. तवाबी आसंच म्हनलो हुतो."

मी हसले नाही. शिवाय त्यांचे भय अगदीच खुळे नव्हते. पिंडाच्या भाऊबंदांत कॉकेशस डोंगराकडचे एक दांडगे झाड आहे. त्याचा रस अंगाला लागून ऊन पडले की भाजल्यासारखे फोड येतात.

त्याच वर्षी पौषात मी माहेरी गेले होते. विहिरीशेजारी आईचा कोथिंबिरीचा वाफा काढायचा राहून फुलावर आला होता. पांढऱ्या, किंचित जांभळट छत्र्या, त्यांवर मधमाश्या. आण्णा काठी टेकीत माझ्या मागोमाग आले आणि बराच वेळ बघत उभे राहिले.

"कासचं ते आन् हे, एकाच घरचं म्हनतीस?"

"हो आण्णा. कडेच्या पाकळ्या बघा, तशाच मोठ्या आहेत."

त्यांनी बोटांची चिरलेली टोके धोतराला पुसली, वाकून एक देठ धरला आणि काड्या मोजल्या. सहा भरल्या. मग आतल्या बाजूला हाक दिली, "अगं, ह्यो वाफा उपटू नगंस. धनं धरू दे."