ठाणेवासनाचे तांबे आणि ग्रामसभेचा शब्द

चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सोन्याचे साठे असल्याचे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी २०२२च्या अखेरीस सांगितले, तेव्हा सामान्यांना अप्रूप वाटले. भूवैज्ञानिकांना तसे वाटण्याचे कारण नव्हते. चंद्रपूरमधील ठाणेवासना येथील तांबे त्यांना पूर्वीपासून परिचित आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संशोधकांनी तेथील खनिजांची गणना ‘लोह ऑक्साइड-तांबे-सोने’ या प्रकारात केली आहे. मॅग्नेटाइटसारख्या लोहखनिजाच्या सोबतीने तांबे आणि त्यासोबत किंचित सोने, असे हे साठे असतात. याच जातीचा ऑस्ट्रेलियातील ऑलिम्पिक डॅमचा साठा १९७५ मध्ये शेकडो मीटर खोल ड्रिलिंग केल्यावरच हाती लागला.

ड्रिलिंगला पर्याय नाही, हे मान्यच. बहुतेक छिद्रे रिकामी निघतात, हेही खरे. परंतु काही इंचांच्या छिद्रासाठी यंत्र जंगलात न्यायचे तर वाट लागते, सपाट जागा लागते, पाणी लागते. शिवाय पेटीत भरून नेलेल्या दगडी नमुन्यांवरूनच लिलावाचा निर्णय होतो. गावाचे भवितव्य ठरते ते तेथे.

नेमक्या याच टप्प्यावर कायदा सैल झाला आहे. २०२३च्या दुरुस्तीने तांबे, सोने आदी २९ खनिजांसाठी स्वतंत्र शोध परवाना आला. त्याच वर्षी वन कायद्यातील दुरुस्तीने खनिजशोधाचे सर्वेक्षण, केंद्राच्या अटींवर, ‘वनेतर वापर’ या व्याख्येतून वगळले. पेसा कायद्यातील विसंगती तर जुनीच आहे: वाळू-मुरमासारख्या गौण खनिजांसाठी ग्रामसभा वा पंचायतीची पूर्वशिफारस आवश्यक, तांबे-सोन्यासाठी नाही! खाणीकरिता वनजमीन वळती करताना ग्रामसभेची आठवण होते. तोवर लिलाव उरकलेला असतो.

गडचिरोलीतील सुरजागडचा अनुभव समोर आहे. लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये दिला गेला, उत्खनन २०१६ मध्ये सुरू झाले आणि त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी डझनावारी वाहने जाळली. स्थानिक विरोध आणि माओवादी हिंसा या दोन भिन्न गोष्टी. प्रशासनाने मात्र त्यांची सरमिसळ वारंवार होऊ दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती याने साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. आता ती सबब पुढे करणे कठीण जाईल.

छिद्रे कोठे आणि किती, पाणी कोणत्या नाल्याचे, हे मराठीबरोबरच गोंडी-माडियात आधी सांगायला खर्च फारसा नाही. तांब्याच्या खनिजात धातू बहुधा शेकडा एकच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. उरलेला दगड आणि गाळ कोठे टाकणार, हा प्रश्न ग्रामसभा पहिल्याच बैठकीत विचारील.