प्रश्नांचे पत्ते : कोणता संच घ्यावा आणि किती मानावा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक विषय वारंवार दिसू लागला आहे. घरातील मुलगी किंवा धाकटी सून एक देखणी पेटी मागवते. आत जाड पुठ्ठ्याचे, सोनेरी कडांचे चाळीस-पन्नास सचित्र पत्ते आणि एक छोटी पुस्तिका असते. सकाळी उठून ती त्यांतील एक पत्ता काढते आणि त्यावरून दिवसाचा अर्थ लावते. सासूबाई विचारतात, हा जुगार की जादूटोणा? सून म्हणते, हे आत्मचिंतन आहे. दोघींचेही थोडे चुकते आणि थोडे बरोबर असते. म्हणून या महिन्यात पुस्तके बाजूला ठेवून असे पाच संच समोर घेतले.

प्रथम एक भेद स्पष्ट करावा. टॅरोचा संच ठरलेल्या रचनेचा असतो. त्यात ७८ पत्ते असतात, २२ मोठे आणि ५६ लहान, व लहान पत्त्यांचे चार रंग. ओरॅकल म्हणून विकल्या जाणाऱ्या संचास अशी कोणतीही मर्यादा नाही. पत्ते किती, त्यांवर काय लिहायचे, हे सर्वस्वी तयार करणाऱ्याच्या हाती. म्हणून टॅरोचा एक संच पाहिला की दुसऱ्याची कल्पना येते. ओरॅकलचा प्रत्येक संच मात्र वेगळाच तपासावा लागतो.

टॅरो मुळात खेळ होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतील सरदार घराण्यांत हे पत्ते खेळले जात, आपल्या सावंतवाडीस हाताने रंगविलेली गंजिफा खेळली जाई तसे. दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते पाहून भविष्य सांगावे असे कोणाच्या मनात येत नाही. टॅरोच्या बाबतीत ते आले, आणि तेही बरेच उशिरा. १७८१ साली कूर द जेबेलँ या फ्रेंच विद्वानाने हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचे गुप्त ज्ञान आहे असे लिहिले. पुरावा काहीच नव्हता. परंतु कल्पना मोहक होती, आणि चार वर्षांच्या आत पॅरिसमध्ये त्यावरून भविष्य सांगण्याची पुस्तके निघाली.

आज सर्वांत अधिक खपणारा संच डिसेंबर १९०९ मध्ये लंडनच्या रायडर कंपनीने काढला. लेखन आर्थर वेट यांचे, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. या बाईंनी काही महिन्यांत ही सारी चित्रे काढली, मोबदला अल्प मिळाला आणि १९५१ साली त्या गरिबीतच वारल्या. पेटीवर कित्येक वर्षे नाव कंपनीचे व वेट यांचे राहिले. ज्यांच्या चित्रांवर एवढा व्यापार उभा राहिला त्यांच्या वाट्याला काय आले, हे व्यापारी घरांनी एकदा जरूर लक्षात घ्यावे.

परंतु चित्रे खरोखरच उत्तम आहेत. हा संच मी सर्वांत अधिक वेळ पाहिला. त्यांतील नाण्यांच्या रंगातील सहावा पत्ता घ्या. एक व्यापारी उभा आहे. डाव्या हातात तराजू आणि उजव्या हाताने तो गुडघ्यांवर बसलेल्या याचकाच्या ओंजळीत नाणी टाकतो आहे. दुसरा याचक हात पसरून वाट पाहतो आहे. दान तोलून दिलेले बरे की न तोलता? देणारा उभा आणि घेणारा गुडघ्यांवर, हे बरे दिसते का? दुकानाच्या गल्ल्यातून महिन्याचा दानधर्म बाजूला काढणाऱ्या घरात या एका चित्रावर जेवणानंतर अर्धा तास चर्चा होईल, आणि ती पुस्तिकेतील अर्थापेक्षा अधिक मोलाची असेल.

त्याच रंगातील दहावा पत्ता याहून सरस. एका वाड्याच्या कमानीखाली तरुण स्त्री-पुरुष बोलत उभे आहेत. पुढे, कमानीच्या बाहेर, भरजरी वस्त्रे ल्यालेले एक वृद्ध गृहस्थ बसले आहेत. त्यांच्याजवळ आले आहेत ते फक्त दोन कुत्रे. आणि त्या कुत्र्यांकडे एक लहान मूल कुतूहलाने पाहते आहे. पुस्तिका सांगते : संपत्ती, घराणे, वारसा. ते खरेच आहे. पण ज्यांनी हे घराणे उभे केले ते कमानीच्या बाहेर का बसले आहेत, हे पुस्तिका सांगत नाही. दंडांच्या रंगातील तिसऱ्या पत्त्यावर एक पुरुष कड्यावर पाठमोरा उभा राहून समुद्रातील जहाजांकडे पाहतो. वेट यांनी जहाजे त्याचीच व माल त्याचाच म्हटला आहे. माल निघाला आहे की परत येतो आहे हे चित्रावरून कळत नाही. उधारीवर माल पाठवून बसलेल्या कोणाही माणसास ती पाठ ओळखीची वाटेल.

एक सूचना द्यावी लागेल. काही चित्रांत विवस्त्र मनुष्याकृती आहेत आणि मृत्यूच्या पत्त्यावर घोड्यावर बसलेला सांगाडा आहे. लहान मुलांच्या हाती देण्याआधी पाहून घ्यावे.

दुसरा संच लनोर्मां या नावाचा, ३६ पत्त्यांचा. जहाज, घर, ढग, साप, कोल्हा, उंदीर, पत्र, किल्ली, मासे, नांगर अशी साधी चित्रे. मासे म्हणजे पैसा व धंदा, उंदीर म्हणजे झीज आणि चोरी. कोठारात धान्य साठविणाऱ्यास वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. मारी आन लनोर्मां ही पॅरिसची प्रसिद्ध भविष्यवेत्ती १८४३ साली मरण पावली. तिचे नाव या पत्त्यांना चिकटले ते त्यानंतर. पत्त्यांचे मूळ न्यूरेंबर्ग शहरातील एका खेळात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस योहान हेख्टेल यांनी तो रचला. ३६ पत्ते सहा-सहांच्या ओळींत मांडायचे, दोन फासे टाकून सोंगट्या पुढे न्यायच्या. पस्तिसाव्या नांगरावर जो थांबेल तो जिंकला. आपल्या ज्ञानबाजीच्या ८४ घरांच्या पटाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तो पट पुण्यपापाची शिडी दाखवतो; हा खेळ आशेचा होता. त्याचे भविष्यशास्त्र पुढे झाले.

येथे थोडे आपल्याकडे पाहू. प्रश्न टाकून उत्तर काढण्याची रीत पाश्चात्त्यांकडून आलेली नाही. पाशककेवली या नावाचा ग्रंथ गर्गऋषींच्या नावावर आहे, आणि त्याच्या अनेक हस्तलिखित प्रती जैन ग्रंथभांडारांनी जपल्या आहेत. चार बाजूंचा पासा तीन वेळा टाकायचा. १११ पासून ४४४ पर्यंत ६४ आकडे संभवतात आणि प्रत्येकाखाली एक उत्तर लिहिलेले असते. ही विद्या किती जुनी? १८९० साली हॅमिल्टन बॉवर या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती मध्य आशियातील कुचा येथे जी भूर्जपत्रांची पोथी लागली, तिच्यातही अशी दोन प्रकरणे आहेत. केवली हा शब्द आपण ज्या अर्थाने उच्चारतो, तो पाहता पाशाच्या पोथीस हे नाव देणाऱ्याचे धाडस मानले पाहिजे. उत्तर भारतातील रामशलाका घराघरांत माहीत आहे : २२५ घरांचा चौकोन, बोट ठेवलेल्या घरापासून प्रत्येक नववे अक्षर घ्यायचे, की नऊ चौपायांपैकी एक जुळून येते. कोकणात व गोव्यात देवाला कौल लावतात, तेव्हा गुरव गाऱ्हाणे मोठ्याने घालतो. प्रश्न काय आहे हे सभामंडपात उभ्या असलेल्या प्रत्येकास ऐकू जाते. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

या जुन्या पोथ्यांचा एक गुण असा की त्या तोंडावर नकार देतात. कार्य होणार नाही, शत्रू प्रबळ आहे, थांब, असे त्यांत स्वच्छ लिहिलेले असते. आता तिसरा संच पाहा. देवदूतांचे म्हणजे एंजल कार्ड्सचे अनेक संच बाजारात आहेत. बहुधा ४४ पत्त्यांचे. फिकट गुलाबी ढग, पंख, मऊ प्रकाश. मी चाळलेल्या संचात एकही प्रतिकूल पत्ता नव्हता. सर्व काही उत्तम होणार आहे, स्वतःवर प्रेम करा, विश्वास ठेवा. ज्या वहीत जमेचीच बाजू आहे आणि नावेची नाहीच, तिच्यावरून धंद्याची स्थिती कोणता मुनीम सांगेल? अशा संचांच्या सर्वांत प्रसिद्ध लेखिका डोरीन व्हर्च्यू यांनी २०१७ साली ख्रिस्ती श्रद्धेचा स्वीकार करून स्वतःचेच हे सारे काम जाहीरपणे नाकारले. खिन्न मनाला घटकाभर उभारी देण्यापुरते हे पत्ते ठीक. भेट म्हणून मात्र मी हा संच कोणाला देणार नाही.

चौथा ओशो झेन टॅरो, १९९० च्या दशकातला. त्याचे नाते पुण्याशी आहे हे उघडच आहे. नेहमीच्या ७८ पत्त्यांत एक अधिक घालून ७९ केले आहेत, आणि रंगांची नावे अग्नी, जल, ढग, इंद्रधनुष्य अशी. चित्रे मा देवा पद्मा यांची. सैतानाच्या पत्त्याऐवजी येथे मेंढरांत वाढलेल्या सिंहाचा पत्ता आहे; ही कथा आपल्या आजीने सांगितलेली असते, त्यामुळे ती लगेच भिडते. ज्यांना ओशोंचे नाव घरात नको असेल त्यांनी तो अर्थातच घेऊ नये. पत्ते भविष्य सांगत नाहीत, मनाची सध्याची अवस्था दाखवतात असे त्याच्या पुस्तिकेचे धोरण आहे, आणि ते बऱ्याच अंशी पाळलेले दिसते.

पाचवा संच चित्रांचा नाहीच. १९७५ साली संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी अडलेल्या कलावंतांसाठी शंभराहून अधिक पत्ते तयार केले. प्रत्येकावर एक छोटी सूचना किंवा प्रश्न. काम पुढे सरकेना की एक काढायचा आणि तो सांगेल त्या बाजूने पाहायचे. नशीब, ग्रह, देवदूत यांचा उल्लेख नाही. दुकानाची मांडणी बदलताना, नवी जाहिरात लिहिताना, किंवा तीन पिढ्यांची तीच ती पद्धत मोडावी का याचा विचार करताना हाच संच मला सर्वांत उपयोगी वाटला. तो इंग्रजीत आहे. घरी बसून मराठीत आपला स्वतःचा करता येईल, पुठ्ठा आणि पेन पुरे.

आता एका भगिनीचे पत्र. नाव-गाव देत नाही. दोन भावांच्या दुकानाची वाटणी चालली आहे. या धाकट्या जाऊबाईंनी रात्री सर्व निजल्यावर पत्ते मांडून विचारले की मोठ्या जाऊबाईंच्या मनात काय आहे. कोल्हा आला. पुस्तिकेत कोल्ह्याखाली कपट लिहिले होते. तेव्हापासून स्वयंपाकघरात दोघींचे बोलणे कामापुरते उरले आहे. आणि त्या विचारतात, ताई, याहून अधिक खरे सांगणारा संच कोणता?

भगिनी, असा संच नाही. छत्तीस पत्त्यांत एक कोल्हा असतो, आणि आपण तो प्रश्न मोठ्या जाऊबाईंऐवजी दूधवाल्याविषयी विचारला असता तरी त्याच्या येण्याची शक्यता तेवढीच होती. पत्त्याने कपट सांगितले नाही. शंका आपल्या मनात आधीच होती, आणि पत्त्याने तिला साक्षीदार मिळवून दिला. गुरवाचे गाऱ्हाणे आठवा. हा प्रश्न आपण सासूबाई, दीर आणि जाऊबाई समोर असताना मोठ्याने उच्चारला असता का? नसता, तर तो पत्त्यांनाही विचारायचा नव्हता. वाटणीच्या कागदांत कोणता माल, कोणती उधारी, कोणती गाळ्याची पागडी कोणाकडे जाते हे आपल्याला समजले नसेल, तर ते समजून घेण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. दीरांना आणि घरच्या हिशेबनिसांना बसवून ते विचारा. जाऊबाईंशी मात्र त्याआधी बोला, शक्य तर याच आठवड्यात.

पत्ते इतके खरे का वाटतात, असे पुष्कळजण विचारतात. १९४८ साली बर्ट्राम फोरर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एक स्वभावचित्र दिले आणि ते किती जुळते याला पाचांपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. सर्वांना दिलेला मजकूर एकच होता, आणि तोही भविष्याच्या एका स्वस्त पुस्तकातून उचललेला. दुसरा चमत्कार पुनरावृत्तीचा : तोच पत्ता पुन्हा आला, म्हणजे नक्कीच संकेत! हिशेब करून पाहा. ४४ पत्त्यांतून रोज एक काढून तो परत मिसळला, तर नऊ दिवसांत एखादा तरी पत्ता दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक, सुमारे ५८ टक्के. महिनाभर काढत राहिल्यावर पुनरावृत्ती झाली नाही तरच नवल मानावे.

ज्या मुलींना तरीही रोज पत्ता काढायचा आहे, त्यांना एक व्यापारी युक्ती सुचवतो. वही घालावी. तारीख, विचारलेला प्रश्न आणि पत्ता काढण्यापूर्वीच आपले स्वतःचे मत लिहावे, मग पत्ता, मग घेतलेला निर्णय. तीन महिन्यांनी खतावणी तपासावी. आजारपण, औषध आणि दुसऱ्याच्या मनातील गोष्ट, यांची खाती या वहीत उघडूच नयेत. पैसे घेऊन पत्ते वाचणारे पहिल्या बैठकीतच अडथळा सांगून त्याच्या निवारणाची रक्कम सांगू लागले, तर चहा न घेता उठावे.

शेवटचा प्रश्न सांगलीहून आला आहे : नको असलेला संच नदीत सोडावा की देवळात ठेवावा? दोन्ही नको. पत्त्यांवर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो नदीत विरघळत नाही. पुजाऱ्यांच्याही तो कामाचा नाही. ओळखीच्या चित्रकला शिक्षकांना विचारा. चांगली छपाई त्यांना आवडते. कोणी घेतला नाही तर पुठ्ठ्याची पेटी रद्दीत आणि पत्ते सुक्या कचऱ्यात.