टिकल्यांचा डबा



गेल्या सप्टेंबरात माझ्या मुलाने पार्कमधून ओकची पाने आणली. पानांच्या मागे शेकडो लालसर, लवदार टिकल्या चिकटल्या होत्या. त्याने ती आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवली. घटस्थापनेच्या आधी साफसफाई करताना मी तो डबा फेकून दिला. वर, "कसला कचरा साठवतोस? इलेव्हन प्लसचे पेपर सोडव," असेही ऐकवले. दोन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. हे आपल्यापैकी बऱ्याच घरांत होत असावे, म्हणून लिहिते आहे.

पुढे लायब्ररीत या टिकल्यांबद्दल वाचताना डॉ. हेर्मान आडलर (1841-1921) भेटले. उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग गावचे हे डॉक्टर. प्राध्यापक नव्हेत. पण छंद ओकवरच्या गाठींचा! गांधीलमाशीची मुंगीएवढी नातेवाईक झाडात अंडे घालते. त्यातल्या अळीभोवती झाड स्वतःच गाठ वाढवते. अळीला घर आणि जेवण एकाच ठिकाणी. आमच्या टिकल्या म्हणजे अशाच गाठी. इंग्रजीत त्यांना स्पँगल गॉल म्हणतात, म्हणजे टिकल्याच की!

मुलांनो, गंमत पुढेच आहे. टिकल्यांतून वसंतात बाहेर पडतात त्या सगळ्या माद्या, नर एकही नाही. मे महिन्यात ओकच्या मोहोरावर वाटाण्याएवढ्या रसाळ गोळ्या येतात. त्यांतून जूनमध्ये नर आणि मादी दोन्ही निघतात. या माश्या दिसायला इतक्या वेगळ्या, की शास्त्रज्ञांनी त्यांची नावेच काय, आडनावेही वेगळी ठेवली होती. अमेरिकेत बॅसेट नावाच्या एका हौशी अभ्यासकाने 1873 मध्ये तर्क केला होता, की गाठींच्या काही माश्यांत दोन पिढ्या आलटून पालटून येत असाव्यात. पण तर्क वेगळा आणि पुरावा वेगळा. आडलर यांनी ओकची छोटी झाडे कुंड्यांत लावली, टिकलीतली मादी त्यांवर सोडली आणि ती कुठल्या कळीला टोचते ते पाहत बसले. त्याच कळ्यांतून गोळ्या आल्या! गोळ्यांतल्या माद्यांनी पानांत अंडी घातली, तर पुन्हा टिकल्या. म्हणजे मुलगी आईसारखी नाही, थेट आजीसारखी. 1877 आणि 1881 मध्ये त्यांनी हे सारे छापले. 1894 मध्ये ते इंग्रजीत आले, तेही स्ट्रॅटन नावाच्या एका डॉक्टरमुळेच.

"याचा उपयोग काय?" हा आपला आवडता प्रश्न. उत्तर हवेच असेल तर आपल्या बाळगुटीत आहे. त्यातले मायफळ हे फळ नव्हे, पश्चिम आशियातल्या एका ओकवरची माशीने केलेली गाठ आहे. काकडशिंगीही गाठच, ती मावा करतो. भारतातून सामानात जपून आणून आपण त्या उगाळल्या आहेत. पण खरे सांगायचे तर उपयोगाचा दाखला देऊन मला छंदाची वकिली करायची नाही. या टिकल्या पानगळीच्या सुमारास जमिनीवर पडतात आणि ओल्या पाचोळ्याखाली हिवाळा काढतात. त्यांतून काय निघते ते बघायला अर्धे वर्ष थांबावे लागते. तेवढे आपण मुलांना थांबू देतो का? वर्गात 'माझा छंद' हा निबंध हौसेने लिहून घेतो. घरी मात्र छंदाची पाळी परीक्षा झाल्यावर, आणि एक परीक्षा संपली की दुसरी उभीच असते. आडलर यांनी दवाखाना सोडून हे केले नाही, हेही पालकांनी लक्षात घ्यावे.

यंदा नवा डबा आला आहे. शेडच्या मागे सावलीत, ओल्या पाचोळ्यासकट. त्यावर मुलाने मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिले आहे, "आई हात लाऊ नको." शुद्धलेखनाचे मार्चनंतर बघू.