घरदुरुस्तीचें अंदाजपत्रक आणि बियाण्याचा पैसा

शेतीच्या जमाखर्चाविषयीं या मासिकांतून वेळोवेळीं पुष्कळ लिहून येतें; परंतु शेतकऱ्याचा पैसा शेताबाहेर ज्या वाटांनीं जातो, त्यांपैकीं घरदुरुस्ती या वाटेकडे फारसें कोणी पाहत नाहीं. लग्नकार्याच्या खर्चाबद्दल लोक निदान एकमेकांस दोष तरी देतात. घरास लावलेला पैसा मात्र कोठें गेला नाहीं, घरांतच आहे, असें समाधान सर्वजण मानून घेतात. हें समाधान खोटें आहे असें आमचें मत आहे, व तें आम्हांस स्वतःच्या नुकसानींतून मिळालें आहे.

आमची हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. अंदाज व झालेला खर्च यांत फरक पडला म्हणजे त्याचा खुलासा मागणें हें आमचें नित्याचें काम. असें असतां, सेवानिवृत्तीनंतर वडिलार्जित घराचें गळकें माळवद उतरवून पत्रे घालण्याचें ठरविलें, तेव्हां कागदावर एक ओळही न लिहितां, “दोन लाखांत होईल” या गवंड्याच्या शब्दावर आम्हीं अक्षयतृतीयेस काम सुरू केलें. मृग लागल्यावर तें कसेंबसें संपलें, आणि वहींत ३,४०,००० रुपये पडले.

जास्तीच्या १,४०,००० रुपयांचा खुलासा आम्हीं मागाहून स्वतःसच विचारला. माळवदाची माती निघतांच तुळया वाळवीनें पोखरलेल्या आढळल्या, त्यांचे ४५,०००. ती माती गांवाबाहेर नेऊन टाकण्याचे १२,०००. सामान वेळेवर न आल्यामुळें बसून राहिलेल्या गवंडी-बिगाऱ्यांच्या मजुरीचे १३,०००. गिलाव्याचें माप आधीं न घेतल्यामुळें ३०,०००. आणि उरलेले ४०,००० मुलांच्या हौसेस्तव घातलेल्या गुळगुळीत फरशीचे. बियाण्या-खतासाठीं बाजूस ठेवलेली रक्कम यांतच गेली. त्या वर्षीं सोयाबीनचें बियाणें उधारीवर, दुकानदार सांगेल त्या भावानें घ्यावें लागलें, व माल निघाल्यावर तो त्याच्याच दारीं घालावा लागला. घर गळावयाचें थांबलें. पण गळती शेतास लागली.

या अनुभवावरून आम्ही शेतकरी बंधूंस सुचवितों कीं, घराच्या कामाचे आधीं तीन भाग पाडावेत. पहिला, जिवाच्या रक्षणाचा : छप्पर, भिंती, पायांत मुरणारें पाणी. दुसरा, गरजेचा : शौचकूप, चुलीच्या धुरास वाट, धान्य ठेवण्याची कोरडी जागा. तिसरा, शोभेचा : फरशी, रंग, फाटक. पहिला पुरा झाल्याखेरीज तिसऱ्यास हात लावूं नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) जिल्ह्यांतील हजारों माणसें मेलीं, तीं बहुतेक मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील मातीचें जड धाबें यांखालीं सांपडून. गळतें म्हणून दरसाल माळवदावर नवी माती टाकणें म्हणजे डोक्यावरील ओझें दरसाल वाढविणें होय. अशा घरांत फरशी आधीं घालणारास काय म्हणावें? आमच्या कुटुंबानें “आधीं तुळया पाहा” असें पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें. आम्हीं ऐकलें नाहीं.

दुसरें, माप स्वतः घ्यावें. वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि गिलाव्याचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शब्द एक, मापें दोन. या घोटाळ्यांत अनेकजण फसतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व दीड फूट उंच भरलेल्या ट्रॉलींत ९० घनफूट वाळू मावते. ती ब्रास म्हणून घेतली तर दर खेपेस दहा फूट पैसे फुकट गेले. फूटपट्टी धरण्यास फार विद्या लागत नाहीं. गवंड्याशीं ठरलेला दर, काम व मुदत कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, मोजून झालेल्या कामाचेच पैसे द्यावेत, आणि कांहीं रक्कम शेवटच्या दिवसासाठीं राखून ठेवावी.

तिसरें, जुन्या घराच्या अंदाजपत्रकांत पांचवा हिस्सा अदृष्ट खर्चासाठीं धरावा. नव्या घरांत काय लागेल तें बरेंचसें आधीं दिसतें. जुन्या घरांत तें भिंत उकरल्यावर दिसतें. काम संक्रांतीनंतर काढावें व रोहिणी निघण्यापूर्वीं आटोपावें.

कोणी म्हणतील, शेतकऱ्याचें उत्पन्नच अनिश्चित, त्याला अंदाजपत्रक कसलें? आमचें म्हणणें उलट आहे. पगारदाराची चूक पुढच्या महिन्यांत भरून निघते. शेतकऱ्याची पुढच्या हंगामावर बसते. म्हणून घराचा खर्च उभ्या पिकाच्या भरंवशावर काढूं नये. माल विकून हातीं आलेल्या पैशांतून, पुढील हंगामाचें बियाणें, खत व मजुरी वेगळी काढल्यावर जें उरेल तेवढ्यांतच काढावा. न पुरेल तर यंदा छप्पर, पुढील साली भिंती, असें काम वर्षांवर वांटावें. पीककर्ज तर घरास मुळींच लावूं नये. तें पिकानें फेडावयाचें असतें. भिंतीस पीक येत नाहीं. मुदत चुकली म्हणजे पीककर्जावरील व्याजाची सवलतही जाते. घरकुलाच्या बाबतींतही हेंच. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेंत ग्रामीण सपाट भागासाठीं १,२०,००० रुपये कामाच्या टप्प्याप्रमाणें मिळतात. त्यांवर चार खोल्यांचा पाया घालून अर्ध्या भिंतींत अडकलेलीं कुटुंबें आम्हीं पाहिलीं आहेत.

घर चांगलें असावें, याविषयीं वाद नाहीं. पण शेतकऱ्याचें घर शेतावर उभें असतें, ही गोष्ट फावडें हातीं घेण्यापूर्वीं एका कागदावर मांडून पाहावी, आणि तो कागद घरच्या लक्ष्मीस वाचून दाखवावा, एवढीच आमची विनंती आहे.