खाद्यकीटक हेही पशुधनच

पशुगणनेच्या तक्त्यात गाय, बैल, म्हैस, शेळी, मेंढी, कोंबडी यांस स्वतंत्र रकाने असतात. ज्यास रकाना असतो त्याची मोजदाद होते, आणि ज्याची मोजदाद होते त्याची निगा राखण्याची बुद्धी मनुष्यास होते, असा महसुली खात्यात हयात घालविलेल्या माणसाचा अनुभव आहे. अशा कोणत्याही रकान्यात न बसणाऱ्या एका पशुधनाविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. पाळीव पाली व सरडे यांच्या भक्ष्यासाठी डब्यांत ठेवण्यात येणारे जिवंत किडे, हे ते पशुधन होय.

पाल चुकचुकली की शुभकार्य थांबविणाऱ्या आपल्या समाजात कोणी पाल हौसेने पाळील, हे जुन्या मंडळींस खरे वाटणार नाही. परंतु शहरांत शिकावयास गेलेल्या आपल्याच मुलांच्या खोल्यांतून सांप्रत काचेच्या पेट्या दिसू लागल्या आहेत. त्यांत बहुधा ठिपकेदार बिबट्या पाल असते, क्वचित ऑस्ट्रेलियातील दाढीवाला सरडा असतो. हे प्राणी परदेशांत पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढविलेले असतात. आपली घोरपड मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. ती धरून पाळणे हा गुन्हा आहे, हे प्रथमच सांगून ठेवतो. आंतरराष्ट्रीय यादीतील परदेशी प्राण्यांचीही 2024 च्या नियमांप्रमाणे नोंद करावी लागते. तेव्हा प्राणी घरी आणण्यापूर्वी कागदपत्रे पाहून घ्यावीत.

बिबट्या पाल धान्य खात नाही, पाला खात नाही, आणि मेलेल्या किड्याकडे सहसा ढुंकूनही पाहत नाही. तिला हलते भक्ष्य हवे. ती नीट सांभाळल्यास पंधरा-वीस वर्षे जगते, म्हणजे जवळजवळ एका बैलाइतके आयुष्य. इतकी वर्षे तिला पोसावयाचे म्हणजे इतकी वर्षे किडेही पोसावयाचे. हौशी माणूस पालीच्या पेटीसाठी हजारो रुपये मोजतो. किड्यांचा डबा मात्र कोपऱ्यात टाकतो. आठ दिवसांत निम्मे किडे मरतात, उरलेले अर्धमेले होतात, आणि तेच पालीस घातले जातात. पुढे पाल खंगली म्हणजे दोष विक्रेत्यास दिला जातो. आमचे म्हणणे एवढेच की, दोष गोठ्याचा आहे. कारण किड्यांचा डबा हा गोठाच होय. चारा, पाणी, हवा आणि जागा या चार गोष्टी जशा गुरांस लागतात तशाच किड्यांसही लागतात, आणि ही विद्या शेतकऱ्यास कोणी नव्याने शिकवावयास नको.

बाजारात दोन किडे मुख्यत्वे मिळतात. एक घरगुती रातकिडा, आणि दुसरी मीलवर्म या नावाने विकली जाणारी पिठातील पिवळट अळी. दोहोंची प्रकृती परस्परविरुद्ध आहे, आणि हे न कळल्यामुळेच बहुतेक नाश होतो. मीलवर्म थंड कपाटात ठेवल्यास तिची वाढ मंदावते व ती कित्येक आठवडे टिकते. तोच उपाय रातकिड्यास केला तर तो मरतो. त्यास सुमारे 30 अंश सेल्सिअसची ऊब मानवते. उलट विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला मीलवर्मचा डबा एका दुपारीत मरून जाईल. कोकणात शत्रू निराळा : तेथे पावसाळ्यात कोंड्यास दमटपणा येतो, बुरशी चढते, आणि डोळ्यांस जेमतेम दिसणारे सूक्ष्म कोळी सर्व डबा व्यापून टाकतात. म्हणून मीलवर्मला सुका गव्हाचा कोंडा द्यावा, आणि ओलाव्यासाठी गाजराची किंवा बटाट्याची एखादी चकती. पाणी शिंपडू नये. चकती वाळली अथवा काळी पडली की तत्काळ काढावी.

रातकिडे भुकेपेक्षा तहानेने लवकर मरतात. आणि उघड्या वाटीत पाणी ठेवले तर त्यात बुडून मरतात. ओला कापूस किंवा भाजीची फोड ठेवावी, आणि ती रोज बदलावी. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे रचून ठेवले म्हणजे त्याच डब्यात दुप्पट-तिप्पट जागा होते. झाकणास भोके नव्हे तर जाळी हवी. कारण दाटी, ओल आणि विष्ठेची कुबट वाफ या तिहींचा योग झाला की एका रात्रीत ढीग पडतो. चारा कमी पडला की रातकिडे एकमेकांस खातात. मेलेले किडे रोज वेचून काढावेत. गोठ्यात मेलेले वासरू कोणी तसेच ठेवीत नाही. मग डब्यातच का ठेवावे?

आता चाऱ्याकडे वळू. कारण या लेखाचा खरा मुद्दा तोच आहे. शेतकरी बंधूंस नत्र, स्फुरद व पालाश यांचा हिशेब पाठ असतो. प्राण्याच्या हाडांचा हिशेब कॅल्शियम आणि स्फुरद या दोहोंचा आहे. आहारात कॅल्शियम निदान स्फुरदाइतके, आणि शक्य तर त्याच्या दुप्पट असावे लागते. रातकिड्याच्या शरीरात उलट स्फुरदच कॅल्शियमच्या सुमारे सातपट असते, आणि मीलवर्ममध्ये तर पंधरा पटींहूनही अधिक. असे किडे जसेच्या तसे महिनोन्‌महिने घातले तर पालीचे शरीर कॅल्शियमची तूट आपल्या हाडांतून भरून काढते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, पाठीचा कणा वेडावाकडा होतो. लहान मुलांच्या मुडदुसासारखाच हा प्रकार आहे. एकदा वाकलेले हाड पुन्हा सरळ होणे कठीण. व्यालेली गाय कॅल्शियमच्या तुटीने आडवी पडते, हे आपण पाहतो. कोंबडीस पातळ कवचाची अंडी होऊ लागली की आपण तिला शिंपल्यांचा चुरा घालतो. तोच न्याय येथे लावावयाचा आहे.

याचे उपाय दोन. पहिला असा की, किडे पालीस घालण्यापूर्वी एक-दोन दिवस त्यांस कॅल्शियमयुक्त खुराक पोटभर द्यावा, म्हणजे किड्याच्या पोटातून तो पालीच्या पोटात जातो. या खुराकात कॅल्शियमचे प्रमाण सुमारे 8 टक्के असावे लागते. त्यामुळे केवळ शेवग्याचा पाला अथवा नाचणीचे पीठ पुरत नाही, जरी दोन्ही कॅल्शियमच्या दृष्टीने उत्तम असली तरी. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटची शुद्ध पूड मिसळावी लागते. पानात खावयाचा चुना मात्र कदापि वापरू नये. तो दाहक असतो. हा खुराक शेवटच्या दोन दिवसांचाच; किड्यांच्या वाढीसाठी तो नित्य देणे हितावह नाही. दुसरा उपाय म्हणजे घालतेवेळी किड्यावर तीच पूड भुरभुरविणे. परंतु रातकिडा काही तासांतच स्वतःचे अंग साफ करून ती झाडून टाकतो. म्हणून जितके किडे पाल लगेच खाईल तितकेच सोडावेत. उरलेले रातकिडे पेटीत राहिले तर रात्री पालीसच चावतात. आणि कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्वही लागते, हे विसरू नये. त्याचे प्रमाण पशुवैद्यास विचारून ठरवावे.

कोणी म्हणेल, ‘आमच्या शेतात नाकतोड्यांचा सुकाळ आहे, मुलगा सुट्टीत बाटली भरून नेतो, मग विकतचे किडे व त्यांचा खुराक हवा कशाला?’ या सूचनेस आमचा स्पष्ट विरोध आहे. ज्या सोयाबीनवर वा कपाशीवर परवा फवारणी झाली, तेथील अर्धमेला नाकतोडा पकडावयास सोपा असतो, आणि विषारीही तोच असतो. तुतीच्या बागेशेजारी वाऱ्याबरोबर औषध उडून आले तर रेशमाचे किडे मरतात, हे रेशीम करणाऱ्या बंधूंस विदित आहेच. काजवा तर फवारणीशिवायही घातक आहे. परदेशी दाढीवाला सरडा काजवे खाऊन दगावल्याची उदाहरणे पशुवैद्यकांनी नोंदविली आहेत.

दुसरा आक्षेप असा की, ‘किडा तो किडा, मेला तर मेला, दुसरे विकत आणू.’ ही वृत्ती किती महाग पडते याचे दाखले इतिहासात आहेत. फ्रान्सातील रेशीम उद्योग पेब्रीन नामक रोगाने बुडू लागला, तेव्हा 1865 साली लुई पाश्चर यांस त्या कामी पाठविण्यात आले. मादी पतंगाची सूक्ष्मदर्शकाने तपासणी करून निरोगी अंडीच राखावीत, ही त्यांची रीत होय. रातकिड्यांच्या बाबतीतही तेच घडले. त्यांस मारणाऱ्या एका विषाणूचे वर्णन युरोपात 1977 सालीच झाले होते. तरी 2009-10 च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील रातकिड्यांची मोठमोठी संगोपनगृहे त्याच विषाणूने ओस पडली, आणि कित्येकांस निराळ्या जातीचे रातकिडे धरावे लागले. तेव्हा नवी खेप जुन्या डब्यात ओतू नये; बाजारातून आणलेली गाय आपण काही दिवस वेगळी बांधतो, तसेच करावे.

हा जोडधंदा म्हणून करावा काय, असेही कोणी विचारील. आमचे मत सावध आहे. शहरांत पक्षी, मासे व सरडे पाळणारांची मागणी आहे खरी. परंतु मीलवर्म ही मूळची साठवणीच्या धान्याची व पिठाची कीड आहे, हे कोणत्याही विक्रेत्याच्या जाहिरातीत छापलेले नसते. ती कणगीच्या खोलीत ठेवणे म्हणजे मांजरास दुधाच्या राखणीस बसविण्यासारखे आहे. डबा धान्यापासून दूर, गुळगुळीत उभ्या भिंतींचा असावा. उरलेले किडे उकिरड्यावर किंवा शेतात सोडू नयेत, कोंबड्यांस घालावेत. खरेदीदार आधी निश्चित झाल्यावाचून, ‘आम्हीच माल परत घेऊ’ एवढ्या तोंडी आश्वासनावर कोणी पैसा गुंतवू नये. लेखी करार, ठरलेला दर आणि पहिल्या वर्षी लहानसाच पसारा, ही त्रिसूत्री पाळावी.

तात्पर्य, ज्या घरात पाल किंवा सरडा यावयाचा असेल त्या घराने प्रथम एक महिना केवळ किडे पाळून पाहावेत. महिनाअखेर डबा कोरडा, निर्गंध आणि गजबजलेला राहिला, तर प्राणी खुशाल आणावा. डब्यात मेलेल्यांचाच ढीग उरला, तर तो घर अद्याप सिद्ध नसल्याचा निर्वाळा समजावा. मुका प्राणी आपली तक्रार घेऊन कोणत्याही कचेरीत जाऊ शकत नाही. त्याची भूक आपण कशाने भागवितो याचा जाब आपणच स्वतःस विचारावयाचा असतो. आणि तो त्याच्या भक्ष्याच्या डब्यापासून विचारण्यास आरंभ करावा, असे आमचे नम्र मत आहे.