घर शाकारणाऱ्याचा कैवार

स्वतःच्या हाताने घराची डागडुजी करणारा मनुष्य एक तर कंजूष असावा किंवा कंगाल, असा समज आमच्या डिचोली तालुक्यातील सुशिक्षित मंडळींत अलीकडे रूढ झाला आहे. शिडीवर चढून फुटके कौल बदलणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहून हसणारे पुष्कळ. त्याला खालून नवे कौल देणारे थोडे. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. कारापूरसारख्या गावात घर राखण्याची अक्कल ज्याच्यापाशी उरली आहे, तो मनुष्य शिडीवरचाच होय. आणि लोकलज्जा, सिमेंट व सरकारी कागद हे तिघे मिळून त्याची शिडी ओढीत आहेत.

प्रथम घराचाच विचार करू. वाळवंटीकाठचे विठ्ठलापूर घ्या की सर्वणकडचा भाग घ्या, जुने घर चिऱ्याचे किंवा मातीचे, वर वासे, रिपा आणि कौले. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ते खाचेचे चपटे कौल या किनाऱ्यावर घरोघर पोचले. त्याची थोरवी अशी की ते खिळ्याने ठोकावे लागत नाही. पाठीमागच्या नाकांनी रिपेला अडकते. वरचे कौल किंचित उचलले की फुटलेले काढून दुसरे सरकविता येते, आणि खाली माळा नसेल तर हे काम घरात उभे राहूनही साधते. एक कौल फुटले तर खर्च एका कौलाचा! मोडलेल्या घरांची जुनी कौले पुन्हा कामास येतात, ही बचत आणखी वेगळी.

भिंतीचेही तसेच. मातीची भिंत ओल पिते आणि ऊन पडले की सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला म्हणजे ती ओल आत कोंडते, आणि काही पावसाळ्यांनी तो गिलावा भिंतीची सालही सोबत घेऊन खाली येतो. मातीला मातीचा लेप किंवा चुनाच मानवतो, आणि ते काम घरची माणसे करू शकतात. शेणाने सारवलेली जमीन, पावसाची झड अडविण्यासाठी ओसरीला बांधलेले चुडतांचे झाप, यांतील एकाही गोष्टीस कंत्राटदार लागत नाही. (विजेच्या तारा आणि कुजलेले आढे यांना मात्र जाणत्यानेच हात लावावा, काटकसर म्हणजे धाडस नव्हे.)

खाणींच्या पैशाच्या दिवसांत या सर्वांवर स्लॅब हा उपाय ठरला. पुढे २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, आणि हप्ते मात्र थांबले नाहीत. आता तो स्लॅब गळतो, आतल्या सळ्या गंजून काँक्रीटचे पापुद्रे सुटतात, आणि वरून पत्र्याचे उतरते छप्पर घालावे लागते. म्हणजे कौलारू छप्पर गावंढळ म्हणून मोडावयाचे, आणि त्याच्या जागी बांधलेल्या छपराला छत्री धरावयाची. यास प्रगती म्हणणाऱ्यांशी वाद घालण्याची आमची इच्छा नाही.

पाऊस आमच्याइतकाच दांडगा असलेल्या केरळात लॉरी बेकर (१९१७–२००७) यांनी दुसरी वाट दाखविली होती. स्लॅबच्या ज्या खालच्या भागात काँक्रीट भार पेलीत नाही, तेथे जुनी मंगळुरी कौले भरून ते सिमेंट व लोखंड वाचवीत; विटा उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवीत. शासनाने १९९० साली त्यांना पद्मश्री दिली, तेव्हा त्यांना कोणी कंजूष म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता कागदांकडे वळू. आमच्या व्यवसायाचा तो प्रांत. १९९४ च्या पंचायत राज कायद्याखाली बांधकामास परवाना लागतो, आणि दुरुस्तीसाठीही अर्जाचीच वाट धरावी लागते. त्यातून घर सामाईक असले म्हणजे पाहावयास नको. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आमच्याकडे सर्व मुलामुलींना समान हिस्सा आहे. तत्त्व उदात्त, पण तीन पिढ्यांत एका घराचे वीस मालक होतात, त्यांतले दोघे घरात आणि बाकीचे मुंबईपासून कॅनडापर्यंत. छप्पर ज्यांच्या डोक्यावर गळते ते संमतिपत्रे गोळा करीत बसतात, आणि ज्यांच्यावर एक थेंब पडत नाही ते सही रोखतात. वस्तुतः सामाईक वस्तू राखण्यासाठी सहमालकाने केलेल्या आवश्यक खर्चाचा भार इतरांच्या हिश्शांवरही पडतो, हे तत्त्व जुनेच. असे असता, जो खर्च देणे लागतो त्याचीच परवानगी मागावयाची, हा न्याय कोणता?

दुरुस्तीच्या नावाखाली मजले चढतात, असे उत्तर मिळेल. चढतात, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु त्यावरचा उपाय कायद्याला पूर्वीच सुचलेला आहे. १९७५ च्या मुंडकार कायद्याने मुंडकाराला जोते न वाढविता आपले घर दुरुस्त करण्याचा, सुधारण्याचा हक्क दिला. दुसऱ्याच्या जमिनीवर राहणाऱ्याला जी मोकळीक, ती स्वतःच्या वडिलोपार्जित घरात राहणाऱ्यास नसावी, हे विचित्र नव्हे काय? शिवाय पाऊस कार्यालयाची वेळ पाळीत नाही. मे महिन्यात दिलेल्या अर्जाला जुलैत उत्तर आले, तर त्या उत्तराचे कौल होत नाही.

आमची मागणी एवढीच: जोते, उंची आणि भिंतींची रेषा न बदलणाऱ्या कामास परवाना नको. एक लेखी सूचना आणि कामाआधीचे व नंतरचे छायाचित्र पंचायतीत दाखल केले म्हणजे पुरे. सहमालकाला हरकत असेल तर त्याने दिवाणी न्यायालयात जावे, पण तोवर कौल बदलू द्यावे. कारापूर-सर्वणच्या ग्रामसभेत असा ठराव मांडण्यास कोणी सिद्ध असेल, तर त्याचा मसुदा आम्ही विनामूल्य लिहून देऊ.